पल्ली, हळ्ळी आणि आंबोली

दिवाळीच्या अंकात शब्दांच्या व्युत्पत्तीवर लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कारिटे वाढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. कारिटे अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगठ्याखाली चिरडावयाचे असते, पानात घ्यावयाचे नसते, हे मलाही ठाऊक आहे. तरी हा विषय मी मुद्दाम दिवाळीसाठी राखून ठेवला. कारण ज्या एका लहानशा शब्दाची हकिकत मला सांगावयाची आहे, तिची किल्ली खुद्द 'दिवाळी' ह्या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. वाचकांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता माझ्याबरोबर चार पावले चालावे, एवढीच विनंती.

पुण्याहून पौडाच्या रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे मागे पडतात आणि मग लागते कासार आंबोली. पिरंगुटाहून घोटावड्याकडे वळावे, तर रिह्याच्या खोऱ्यात पिंपळोली आणि खांबोली भेटतात. पौडाच्या बाजूला दारवली आहे. घोटावडे, उरवडे, मुगावडे, बेलावडे ही 'वडे'वाली भावकी आमच्या मुळशी तालुक्यात मोठी आहे. तिचा उलगडाही सोपा आहे. वाट म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा, आणि त्यापासून वाडा, वाडी, वडे. पण ही 'ओली' आणि 'वली' काय आहे? एकदा वर्गात हा प्रश्न टाकला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, ओली म्हणजे भिजलेली!" ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला ह्या उत्तरावर हसता येणार नाही. आमच्याकडे चार महिने सगळीच गावे ओली असतात. परंतु मग कोरड्या दिवसांत आंबोलीचे नाव काय ठेवावयाचे?

घाट उतरून कोकणात गेलो, तर हे कुळ फारच फोफावलेले दिसते. खोपोली, दापोली, कणकवली, सावंतवाडीजवळची दुसरी आंबोली, आणि मुंबईच्या लोकलगाडीत रोज पुकारली जाणारी बोरिवली, कांदिवली, डोंबिवली. उलट देशावर पूर्वेकडे जावे तसतशी ही नावे विरळ होत जातात. फ्रँकलिन साउथवर्थ ह्या अमेरिकन भाषापंडिताने महाराष्ट्रातील गावांच्या नावांची शेपटे तपासून ही दाटी-विरळी दाखविली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ह्या विषयाची चर्चा आहे. गावांच्या नावांवरून वसाहतीचा इतिहास वाचता येतो हा विचार आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्याच्या पुष्कळ आधी हिरिरीने मांडला होता. तेव्हा हा नाद परका नाही, घरचाच आहे.

आता दिवाळीकडे वळू. संस्कृत 'दीपावली'ची मराठीत 'दिवाळी' झाली, म्हणजे नेमके काय झाले? दोन गोष्टी झाल्या. पहिली, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'प' प्राकृताच्या तोंडी मऊ होऊन त्याचा 'व' झाला. दीपाचा दिवा, तापाचा ताव, गोपाळाचा गवळी, हे सारे ह्याच वाटेने आले. दुसरी, एकटा 'ल' होता तो मराठीत 'ळ' झाला. फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ तसेच आवली-आळी. परंतु जिथे मुळात 'ल्ल' असा जोड होता, तिथे मराठीने 'ळ' केला नाही, साधा 'ल' ठेवला. पल्लवाचा पाला झाला, वल्लीची वेल झाली. दोघे भाऊ हात धरून उभे असले की वारा त्यांना वाकवीत नाही, एकटा मात्र वाकतो, असाच हा प्रकार आहे.

ही दोन सूत्रे हातात धरून पिंपळोलीच्या वेशीत उभे राहा. 'पिप्पल' ह्यातला 'ल' एकटा, म्हणून त्याचा पिंपळ झाला. शेवटच्या 'ओली'त मात्र 'ल' शाबूत आहे. म्हणजे तिथे पूर्वी जोड 'ल्ल' असला पाहिजे. 'ओ' हा 'अव'चा आकसलेला उच्चार आहे. लवणाचे लोण झाले आणि नवनीताचे लोणी झाले, तसाच. तेव्हा ओलीच्या मागे 'वल्ली' आणि 'व'च्या मागे 'प' ठेवला की हाती येतो तो शब्द 'पल्ली'. पिंपळाजवळची पल्ली ती पिंपळोली आणि आंब्याजवळची ती आंबोली. लोणावळ्यात 'ळ' आहे, म्हणून ते इतके जवळ असूनही ह्या कुळातले नव्हे. कोणी म्हणेल, मागे 'पल्ली'च कशाला, वेल ह्या अर्थाची 'वल्ली' का नको? हुबळीचे नाव फुलांच्या वेलीवरून पडले, असे तिकडे सांगतातच. पण पिंपळ, आंबा, बोर ही झाडे आहेत. पिंपळाचा वेल कोणी पाहिला आहे काय?

इथे आणखी एका पल्लीला हात जोडून बाजूस सारले पाहिजे. पंचांग उघडले की 'पल्लीपतन' असा मथळा दिसतो. खांद्यावर पडली तर अमुक फळ, डोक्यावर पडली तर तमुक. ती पल्ली म्हणजे भिंतीवरची पाल. तिचा आणि आपल्या गावांचा संबंध नाही. सारखे दिसणारे दोन शब्द एकाच घरचे असतात असे नाही, हे व्युत्पत्तीच्या वाटेवरचे पहिले पथ्य.

मग ही पल्ली कोणाची? संस्कृत कोशांत ती आहे खरी. लहान गाव, रानातली वस्ती, असा तिचा अर्थ दिलेला असतो. परंतु वेदांच्या काळात तिचा मागमूस नाही. ती मागाहून आलेली आहे. आणि दक्षिणेत पाहावे, तर तिचा संसार केवढा मोठा! तमिळात 'पळ्ळि', तेलुगूत 'पल्ली' आणि 'पल्ले', कन्नडात जुने रूप 'पळ्ळि' आणि आजचे 'हळ्ळी'. कन्नडाने मध्ययुगात शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' करून टाकला. तमिळात दूध ते 'पाल्', कन्नडात 'हालु'. तमिळात दहा ते 'पत्तु', कन्नडात 'हत्तु'. त्याच नियमाने पळ्ळीची हळ्ळी झाली. बरो आणि एमेनो ह्या दोन पंडितांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश केला. त्याची पहिली आवृत्ती १९६१ साली निघाली आणि सुधारलेली १९८४ साली. त्यात ह्या शब्दाचे सारे भाऊबंद एका ओळीत बसविलेले आहेत. वस्ती, खेडे, झोपडी, गुराख्यांचे गाव, असे त्यांचे अर्थ. द्राविडांकडून तो प्राकृतात आणि संस्कृतात आला, असेच बहुतेक भाषापंडित मानतात.

आपल्या घरांत हा शब्द कसा न ओळखता वावरतो, ते पाहण्यासारखे आहे. दिवाळीला एखाद्या घरी पोचमपल्लीची साडी येते. त्याच तेलंगणातल्या पोचमपल्लीला १९५१ च्या एप्रिलात आपल्या विनोबांना पहिले भूदान मिळाले. पाच सप्टेंबरला आम्ही शाळेत ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्या सर्वपल्ली राधाकृष्णनांच्या नावात हेच एक खेडे बसलेले आहे. तिरुचिरापल्ली तर सर्वांना ठाऊक आहे. आणि उत्तरेला पार बंगालपर्यंत 'पल्ली' म्हणजे खेडे. शरच्चंद्रांच्या 'पल्लीसमाज' ह्या १९१६ सालच्या कादंबरीचे नाव आपल्याकडच्या जुन्या वाचकांना अपरिचित नसावे.

पण ह्या सगळ्यात मला विचार करावयास लावले ते अर्थांच्या फरकाने. संस्कृत आणि प्राकृत कथांतून पल्ली कुठे येते? सोमदेवाच्या कथासरित्सागरात शबर-भिल्लांच्या वस्तीला पल्ली म्हटले आहे. जैनांच्या प्राकृत कथांत 'चोरपल्ली' भेटते, म्हणजे चोरांचा अड्डा. सार्थवाह आपला तांडा घेऊन रानातून निघाला की वाचकाने ओळखावे, आता पल्लीतले लोक धावून येणार. राजधानीत बसून लिहिणाऱ्याला रानातली वस्ती अशी दिसे. आता हाच शब्द ज्यांच्या घरचा, त्यांच्याकडे पाहा. तमिळात पळ्ळि म्हणजे वस्ती तर आहेच, पण बौद्ध आणि जैन मुनींचा मठही आहे, आणि त्यावरून पुढे पळ्ळि म्हणजे शाळा झाली. आजही तमिळ मूल 'पळ्ळिक्कूडम्'ला जाते, म्हणजे शाळेत जाते. मल्याळी माणूस मशिदीला आणि ख्रिस्ती देवळालाही पळ्ळि म्हणतो. एकाच चिमुकल्या शब्दाकडे बाहेरून पाहणाऱ्याला तिथे चोर दिसले आणि आत राहणाऱ्याने तिथे देव बसविला, मुलांना अक्षर शिकविले. मी मास्तर माणूस, त्यामुळे हा अर्थ कळला तेव्हा मला जरा अभिमान वाटला, हे लपवून ठेवीत नाही.

आता मुख्य प्रश्न. आंबोली आणि पिंपळोली ही नावे द्राविड शब्दाने संपतात, म्हणून ही गावे कन्नड बोलणाऱ्यांनी वसविली असे म्हणावयाचे काय? असे म्हणणारे आहेत, आणि 'छे, सगळे संस्कृतच' म्हणून हात झटकणारेही आहेत. ह्या दोघांच्या भांडणात पडण्यापूर्वी जरा दूर, युरोपच्या वायव्य टोकाला जाऊन येऊ.

नवव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेकडचे दर्यावर्दी स्कॉटलंडच्या आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. ते नॉर्स बोलत, तिथले मूळचे लोक गेलिक बोलत. दोन्हीकडे एक चाल होती. उन्हाळ्यात गुरे डोंगरावरच्या चराईला न्यावयाची आणि तिथे झोपडी घालून दूधदुभते करावयाचे. आमच्या मावळातल्या धनगरवाड्यावर गेलेल्या माणसाला ही झोपडी समजावून सांगावी लागणार नाही. नॉर्स भाषेत तिला 'सेत्र' असा स्वतःचा शब्द होता. गेलिकात तिला 'आरी' म्हणत. असे असूनही नॉर्स लोकांनी गेलिक शब्द उचलला आणि त्याचे 'एर्गी' केले. ऑर्कनीच्या सरदारांची जी जुनी गाथा आहे, तिच्यात 'आस्ग्रिमाची एर्गी' ह्या अर्थाचे एक ठिकाण येते, आणि आपण ज्याला सेत्र म्हणतो तेच हे, असा खुलासाही कथा सांगणारा करतो. इंग्लंडच्या उत्तरेला 'सिझर्' नावाची जुनी गढी आहे. तो उच्चार 'सिग्रिडची एर्गी' ह्याचा घासलेला अवशेष होय. आणि दूर समुद्रात फेरो बेटांवर, तोर्शाव्हन ह्या राजधानीला लागून, 'आर्गिर' नावाची वस्ती आजही आहे.

आता गंमत पाहा. आस्ग्रिम हे नॉर्स नाव आहे आणि सिग्रिड हेही नॉर्स बाईचे नाव आहे. म्हणजे शेपूट गेलिक असले तरी नाव ठेवणारे नॉर्स होते. शब्द एकदा घरात आला, की तो पाहुणा राहत नाही. घरच्यासारखा कामाला लागतो, आणि मालकाबरोबर होडीत बसून ज्या बेटावर त्याची मूळ भाषा बोलली जात नाही तिथेही जाऊन राहतो. म्हणून अशा नावाचा निवाडा शेपटावरून करू नये, डोक्यावरून करावा.

हीच कसोटी आंबोलीला लावा. आंब्याला कन्नडात 'मावु' म्हणतात. कर्नाटकात 'माविनहळ्ळी' नावाची गावे आहेत. माविन म्हणजे आंब्याची आणि हळ्ळी म्हणजे पल्ली. म्हणजे माविनहळ्ळी आणि आंबोली ही अर्थाने अगदी एक, जुळ्या बहिणीच. पण आमच्या आंबोलीचे डोके 'मावु' नव्हे, 'आंबा' आहे, आणि तो संस्कृत आम्र, प्राकृत अंब ह्या वाटेने आलेला आहे. पिंपळोलीचा पिंपळही तसाच. तेव्हा ही दोन नावे ठेवणाऱ्यांच्या तोंडी प्राकृत किंवा बाल्यावस्थेतली मराठी होती. पण 'पल्ली' हा शब्द त्यांना इतका आपला वाटत होता की नवी वस्ती घालताना तोच ओठांवर आला. 'ग्राम' होता, 'वाट' होता, तरी पल्ली आली. शेजाऱ्याशी नुसती तोंडओळख असून शब्द असे घरात येत नाहीत. एकाच पाणवठ्यावर गुरे पाजावी लागतात आणि एकमेकांच्या लग्नाकार्याला जावे लागते.

अशा शेजाराची साक्ष इतिहासात हवी तेवढी आहे. राष्ट्रकूट राजांचे राज्य महाराष्ट्र आणि कर्नाटक दोहोंवर होते. त्यांच्यातील अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ झाला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. उलट बाजूने पाहावे, तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाचे नाव सांगणारी ओळ कन्नड आणि तमिळ ह्यांच्याबरोबर मराठीतही कोरलेली आहे. घरात आपण थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, भातावर 'तूप' वाढतो, 'अडकित्त्या'ने सुपारी कातरतो. हे चारही शब्द सीमेपलीकडच्या घरात तसेच, किंचित वेगळ्या उच्चाराने, वापरात आहेत. आणि दिवाळीची चकली तिकडे 'चक्कुली' होऊन तळणीत पडते.

१९५६ साली भाषेप्रमाणे राज्यांची वाटणी झाली तेव्हापासून सीमेवरच्या गावांचा वाद चालत आला आहे. कोणते गाव कोणाकडे जावे हा तेथील माणसांच्या सुखदुःखाचा प्रश्न आहे, आणि तो शब्दकोश उघडून सुटणारा नाही. पण त्या वादात कधी कधी 'वली' हे आपले आणि 'हळ्ळी' हे त्यांचे, अशा ईर्ष्येने पाट्यांना काळे फासले जाते, तेव्हा मात्र वाटते की ह्या दोन्ही पाट्यांवर एकच शब्द लिहिलेला आहे, हे कोणीतरी सांगावयास हवे. भाऊबंदकीत वाटणी करावी, हिशेब मागावा, पण आजीचे नाव पुसू नये.

आमच्या मावळाचेच नाव घ्या. सूर्य मावळतो ती दिशा म्हणून मावळ, असे सर्रास सांगितले जाते. पण कार्ल्याच्या लेण्यातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत लेखांत ह्या मुलखाला 'मामाल' म्हटले आहे, आणि दिवाळीच्याच नियमाने त्यातल्या एकट्या 'ल'चा 'ळ' झालेला आहे. म्हणजे मावळात राहणारा अडाणी म्हणून हिणवला गेलेला शेतकरी सातवाहनांच्या काळचा शब्द रोज सहज उच्चारीत आला. ताम्रपट सरकारी कपाटात जपून ठेवतात. गावाचे नाव मात्र कोणीही न जपता लोकांच्या तोंडी टिकते, आणि टिकते तोवर ते ताम्रपटाइतकेच खरे असते.

पण ते टिकेलच असे नाही, हेही मुळशीइतके कोणास ठाऊक असणार? मुळा आणि निळा ह्यांच्या संगमाजवळ टाटांचे धरण व्हावयाचे ठरले, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट ह्या लढ्यातच 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने राबले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. मुंबईला वीज मिळाली, आणि सुमारे पन्नास गावांच्या जमिनी पाण्यात गेल्या. जुने मुळशी गाव बुडाले. त्याचे नाव तालुक्याला उरले, आणि तालुक्याची कचेरी आहे पौडाला! गाव गेले आणि नाव राहिले, हे निदान मुळशीच्या वाट्याला आले. पण त्या शिवारांतल्या माळांची, ओढ्यांची, पाणंदींची, खाचरांची नावे पाण्याखाली जाऊन बसली. ती कोणत्या भाषेतून आली होती हे विचारावयास आता जागा नाही.

पुढे ह्याच डोंगरांत दासवे, मुगाव ह्या गावांच्या मुलखात नवे शहर उठले आणि त्याला 'लवासा' असे कोणत्याच भाषेत अर्थ नसलेले, बसून बनविलेले नाव मिळाले. हिंजवडीच्या बाजूला उंच इमारतींना परदेशी बागांची आणि शहरांची नावे लागली. नवी माणसे येणार, नवी नावे येणार. पल्लीही एके काळी नवीच होती, तेव्हा त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. फरक एवढाच की पल्ली हा शब्द शेजाऱ्याकडून आला होता, माणसे आली-गेली तेव्हा आला होता. जाहिरातीतले नाव कोणाकडूनच आलेले नसते, म्हणून त्याच्या मागे उकरावे तर काहीच सापडत नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. दिवाळीला मुले-नातवंडे गावी येतात. फटाके उडवून झाले की घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ त्यांना वही-पेन्सिल घेऊन बसवावे आणि आपल्या शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचे, ओढ्याचे, खिंडीचे, पडक्या वस्तीचे नाव लिहून घ्यावे, ते जसे बोलले जाते तसेच, शुद्ध करण्याच्या भानगडीत न पडता. 'ल' आहे तिथे 'ल' आणि 'ळ' आहे तिथे 'ळ' ठेवावा, कारण सारा इतिहास त्या एका अक्षरात असू शकतो. धनगरवाड्याचे आणि कातकरवाडीचे नाव पहिले लिहावे. पूर्वीच्या ग्रंथकारांनी जिथे फक्त चोरपल्ली पाहिली, तिथल्याच माणसांनी हा शब्द आपणा सर्वांना दिला. आंबोलीपासून माविनहळ्ळीपर्यंत आणि बंगालच्या पल्लीपासून तमिळ मुलांच्या शाळेपर्यंत त्यांचेच देणे पोचले आहे, आणि ते अजून फिटलेले नाही.